शिफ्ट सांभाळून कथा लिहायची, तर बैठक कशी लावावी?

तिसरी_पाळी
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दर आठवड्याला शिफ्ट बदलते. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. अशा नोकरीत कथालेखनाची शिस्त कशी लावायची, हा प्रश्न आहे. 'रोज पहाटे पाचला उठा' हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण नाइटला पहाटे पाचला माणूस मशीनपाशी उभा असतो.
दुसरं म्हणजे कथा हजार-बाराशे शब्दांपर्यंत सरळ धावते आणि तिथे बसकण मारते. याला वेळ न मिळणं कारणीभूत आहे की आणखी काही? आत्ता चैत्र चालू आहे. दिवाळी अंकवाले साधारण जून ते ऑगस्टमध्ये साहित्य मागवतात. तोवर दोन तरी कथा पूर्ण करायच्या आहेत. आकड्यांसकट सांगितलंत तर फार बरं होईल.

पाठकोरा
बैठक घड्याळाला बांधू नका, रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. फर्स्टला घरी आल्यावर अंघोळ-चहा झाला की लगेच. सेकंडला सकाळच्या नाश्त्यानंतर. घड्याळाची वेळ दर सोमवारी बदलेल, पण 'चहाचा कप खाली ठेवला की वही उघडायची' हा क्रम बदलत नाही.
नाइटच्या आठवड्यात नवीन लिहू नका. शिफ्टवरून आल्या आल्या, झोपेच्या आधी तर मुळीच नको. त्या वेळी लिहिलेलं दुपारी वाचलं की वाक्यं लांबलेली सापडतात आणि एकाच शब्दावर तीनदा अडखळलेली दिसतात. नाइटला झोप झाल्यावर चारच्या सुमारास अर्धा तास फक्त जुनं वाचायचं आणि समासात खुणा करायच्या.
आता आकडे. एका बैठकीला २५० शब्द किंवा ४० मिनिटं, जे आधी पुरं होईल ते. आठवड्याला सहा बैठका, म्हणजे १५००. फर्स्ट आणि सेकंडचे दोन आठवडे मिळून ३०००, म्हणजे एका कथेचा कच्चा खर्डा. तिसरा आठवडा वाचनाचा. एप्रिल ते जुलैअखेर अशा पाच फेऱ्या बसतात. पाच खर्ड्यांतून दोन कथा पाठवण्याजोग्या निघणं अवघड नाही.
शिवाय हाताने लिहीत असाल तर दोनशे पानी लांब वही घ्या आणि फक्त उजव्या पानावर लिहा. डावं पान कोरं राहू द्या, दुरुस्त्या तिथे बसतात. मध्यम अक्षरात एका पानावर दोनशेच्या आसपास शब्द मावतात, म्हणजे रोजचं माप सव्वा पान.

कॉलेजरोडवरून
पाठकोरा यांना अनुमोदन. नोकरी करून लिहिणाऱ्यांत अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार आठवतो. टपाल खात्यात नोकरी होती. पहाटे साडेपाच ते साडेआठ लिहायचा, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द. पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला एका नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देत असे. त्या तीन तासांतला पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात जायचा, हे मात्र सांगताना बहुतेक जण विसरतात. खरी किल्ली त्या अर्ध्या तासात आहे. कालचं वाचलं की आजचा सूर लागतो.

वाचनवेडी_नाशिकरोड
ट्रोलपचं वाचन घ्या, आकडे घेऊ नका. इंग्रजी शब्दसंख्या मराठीला लागू पडत नाही. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'घरातसुद्धा' हा आपला एक शब्द, इंग्रजीत तेच म्हणायला तीन-चार शब्द लागतात. त्यामुळे तिकडचे 'दिवसाला हजार शब्द' हे माप इथे लावलं की माणूस उगाच हिरमुसतो. २५० मराठी शब्द म्हणजे भरीव मजकूर असतो, ते माप योग्य आहे.
पण पाठकोरा, 'जे आधी पुरं होईल ते' यात एक धोका आहे. २५० शब्द वीस मिनिटांत झाले तर उठायचं का?

पाठकोरा
उठायचं. पुढचं वाक्य डोक्यात तयार असताना उठायचं. आणि उठण्याआधी खाली एक ओळ टाकायची: आता कोण येणार, काय मागणार. 'मामा दारातून हाक मारतो, किल्ली परत हवी' एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही. विहीर रोज तळापर्यंत उपसली तर दुसऱ्या दिवशी दोर लांब लागतो.

गोदामाय
बैठकीबद्दल छान चाललं आहे, पण दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. बाराशे शब्दांवर कथा बसते याचा वेळेशी संबंध नाही. तिसरी_पाळी यांना उद्या महिनाभर रजा मिळाली तरी कथा तिथेच बसेल.
कारण असं. पहिले हजार-बाराशे शब्द परिस्थिती मांडण्यात जातात. माणूस, घर, पाऊस, आजार, कर्ज. ती मांडून झाली की लिहिणाऱ्याजवळचं संपतं, कारण पात्राला *आज* काय हवं आहे हे ठरवलेलंच नसतं. 'त्याला सुख हवंय', 'तिला मोकळं व्हायचंय' यावर प्रसंग उभा राहत नाही.
आपल्याकडचंच उदाहरण घ्या. दिंडोरीकडचा द्राक्षबागाईतदार, अवकाळी झालाय, व्यापारी भाव पाडतोय. यावर हजार शब्द कोणीही लिहील, आणि मग? आता एवढंच ठरवा: आज संध्याकाळच्या आत माल गाडीत चढला पाहिजे, कारण रात्रीसाठी ढग भरून आलेत आणि पिकलेल्या मालावर आणखी एक सर आली तर मणी तडकणार. शिवाय व्यापाऱ्याकडून इसार घेतल्याचं त्याने घरात सांगितलेलं नाही. लगेच प्रसंग दिसायला लागतात. व्यापारी येतो, मजूर निघायची घाई करतात, बायको हिशेब विचारते. प्रत्येक जण त्याच्या संध्याकाळच्या आड येतो.
वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा. काय हवंय, कधीपर्यंत, नाही मिळालं तर काय जाईल. तिसऱ्या ओळीत ठोस वस्तू किंवा ठराविक माणूस यायलाच हवा. तो येत नसेल तर खर्ड्याला हात घालू नका.

खरडछाटणी
गोदामाय, बागेचं उदाहरण दिलंत म्हणून लिहितो. व्यापारी बागेत येतो तेव्हा रसाची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात असतो. मणी चिमटीत दाबून रसाचा थेंब काचेवर टाकतो, वरचं झाकण मिटतो आणि उजेडाकडे तोंड करून डोळ्याला लावतो. आता बघा, घडाच्या शेंड्याचा मणी खांद्याच्या मण्यापेक्षा कमी गोड असतो. भाव पाडायचा असेल तर व्यापारी शेंड्याचा मणी तोडतो. शेतकरी म्हणतो, खांद्याचा बघा. सगळं भांडण त्या एका मण्यावर होतं, आणि दोघांच्या तोंडून 'भाव' हा शब्दही निघत नाही.
कथेत हा मणी आला तर 'व्यापारी लबाड होता' हे वाक्य लिहावं लागणार नाही.

सिडको_ते_सीबीएस
मण्याचं वाचून खुर्चीतच सरळ होऊन बसलो. यालाच तपशील म्हणतात!

वाचनवेडी_नाशिकरोड
+१. अवांतर होईल, पण तपशिलावरून आठवलं. गोदेच्या पुरावर लिहिताना बरेच जण 'पाण्याने रौद्र रूप धारण केलं' इथेच थांबतात. नाशिकचा माणूस पूर असा सांगतच नाही. तो विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? गुडघे, कंबर, छाती, गळा. आणि अधिकारी बोलतो गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते. एकाच प्रसंगात दोन माणसं दोन मापांनी बोलली तर कोण सराफ बाजारातला दुकानदार आणि कोण नियंत्रण कक्षातला, हे वाचकाला न सांगता कळतं.

अंजनेरीचा_वारा
अवांतरात भर. जुन्या काळातली कथा असेल तर तारखांची यादी आधी करून ठेवा. पंचवटी एक्सप्रेस १९७५ साली सुरू झाली, त्यामुळे १९६८ मधला नायक तिने मुंबईला जाऊ शकत नाही. नाशिकला महानगरपालिका १९८२ मध्ये झाली, त्याआधीच्या कथेत नगरपालिका लिहायला हवं. वाचक अशी एक चूक पकडतो आणि पुढची दहा पानं संशयाने वाचतो. यादीसाठी वेगळी वही नको, त्याच वहीची शेवटची चार पानं राखून ठेवा.
बसायला शांत जागा हवी असेल तर शालिमारजवळ सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं. घरात गडबड असली तर सुट्टीच्या दिवशी तिथे बसून नाइटच्या आठवड्यातलं वाचन उरकता येईल.

सातपूरकर
शिफ्टवाल्यांसाठी थोडं तांत्रिक. बऱ्याच ठिकाणी शॉपफ्लोअरवर मोबाईल नेऊ देत नाहीत. खिशात तळहाताएवढी डायरी ठेवा. सुचलेलं लिहिताना फक्त तीन गोष्टी: कोण, काय म्हणालं, हातात काय होतं. 'दु:ख, एकटेपणा' असं लिहून ठेवलं तर आठवड्याने त्यातून काहीच आठवत नाही. 'टूलरूमवाला, "डबा माझा नाही", हातात झाकण' असं असेल तर अख्खा प्रसंग परत उभा राहतो.
मोबाईलवर बोलून टाइप करायचं असेल तर फक्त संवाद बोला. निवेदन बोललं की भाषण होतं. विरामचिन्हांचा भरवसा धरू नका, 'न' आणि 'ण' तपासा, गावांची आणि माणसांची नावं हमखास बिघडतात. त्याच दिवशी दुरुस्त केलं नाही तर दोन दिवसांनी आपणच काय बोललो ते लागत नाही.
अंकाला पाठवताना युनिकोडमधली वर्ड फाइल द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार आणि जोडाक्षरं आधी मोडतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सूर्य', 'पूर्वी' असे शब्द शोधून बघा. हे नीट असतील तर बाकीचंही बहुधा नीट असतं. नुसती पीडीएफ पाठवू नका. तिच्यातून मजकूर उचलताना वेलांट्या इकडच्या तिकडे होतात आणि संपादकाकडे कोणाला तरी कथा पुन्हा टाइप करावी लागते.

गोदामाय
सातपूरकर, 'हातात झाकण' फार आवडलं. पण एका गोष्टीला हरकत आहे. संवाद बोलून टाइप केले की सगळी पात्रं एकाच आवाजात बोलायला लागतात, बोलणाऱ्याच्या. संवाद हातानेच लिहावेत असं माझं मत.

सातपूरकर
मान्य, तसं होतं. त्यावर उपाय म्हणजे एका वेळी एकाच पात्राची सगळी वाक्यं बोलायची. आधी सासूची सगळी, मग सुनेची. नंतर वहीत गुंफायची. आवाज वेगळे राहतात.

मुद्रितशोधक
सगळा धागा खर्ड्यावर चालला आहे. दुरुस्तीचं काय? कथा परत येतात त्या बहुतेक इथेच कच्च्या राहिलेल्या असतात.
क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रसंग तपासायचे, मग परिच्छेद, मग वाक्य, आणि शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. उलट केलं तर काय होतं? पहिल्याच दिवशी एखादं वाक्य घासूनपुसून लखलखीत केलं, की पुढे तो प्रसंग कथेला नको आहे हे कळूनही हात कापायला धजत नाही. त्या एका वाक्यासाठी दोन पानं वाचतात आणि कथा लंगडते.
खर्डा झाल्यावर किमान दोन आठवडे त्याच्याकडे बघू नका. मग १४ पॉइंटमध्ये, ओळींत दुप्पट अंतर ठेवून, डावीकडे दोन इंच समास सोडून छापा आणि मोठ्याने वाचा. श्वास तुटला तिथे तिरकी रेघ. स्वतःलाच कंटाळा आला तिथे उभी रेघ. पेन एवढंच चालवायचं, वाचताना थांबून दुरुस्त करायचं नाही. उभ्या रेघा एका जागी दाटलेल्या दिसतील, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पानावर. तिथे परिस्थितीच पुन्हा सांगितलेली असते. गोदामाय म्हणतात ती बाराशे शब्दांची जागा हीच.
भाषेत सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे 'केले' आणि 'केलं' यांची सरमिसळ. निवेदन 'त्याने दार उघडले' असं सुरू होतं आणि अर्ध्या पानावर 'तिने पाणी दिलं' होतं. दोन्ही चालतात, पण निवेदनाचा एकच सूर पहिल्या ओळीला ठरवा आणि शेवटपर्यंत निभावा. संवादात बोली रूपच शोभतं.
शुद्धलेखनाचे नियम मिळून अठराच आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. पाकिटात मावतील एवढे. 'कवी', 'गुरू' यांचा शेवट दीर्घ, एवढा एक नियम पक्का केला तरी निम्मं पान स्वच्छ होतं.

कळवण_बागलाण
मुद्रितशोधक, अहिराणी संवादांचं काय करावं? आमच्या भागातली माणसं कथेत आली की प्रमाण मराठीत बोलताना खोटी वाटतात.

मुद्रितशोधक
अहिराणीच लिहा, फक्त एकाच रूपात. 'काय करी राह्यना' हेच वाक्य पुढच्या पानावर 'ऱ्हायना' झालं तर वाचक अडखळतो आणि जुळणी करणाऱ्याला ती चूक वाटते. कथेत येणाऱ्या अशा रूपांची यादी करा, दहा-पंधराच्या वर जात नाही. ती फाइलच्या शेवटी जोडा आणि वर स्पष्ट लिहा: 'ही रूपं बदलू नयेत'. नाहीतर कोणीतरी चांगल्या मनाने सगळं प्रमाण करून टाकतं. अर्थ कंसात देऊ नका. समोरच्या पात्राच्या उत्तरातून तो कळू द्या.

खरडछाटणी
दुरुस्तीवरून परत बागेत जातो. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी, तेव्हा खोड आणि आडवे ओलांडे (मुख्य फांद्या) तेवढे ठेवून वेल बोडका करतात. त्या छाटणीतून फळ घ्यायचं नसतं, नवी काडी तयार करायची असते. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोड छाटणी, ती फळासाठी. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजून कात्री चालते. पहिल्या छाटणीत हात आखडला तर काड्यांची दाटी होते, काडीला ऊन मिळत नाही आणि पुढे घड कमी निघतात.
मुद्रितशोधक यांच्या पहिल्या वाचनात खरड छाटणी करा. प्रसंगच्या प्रसंग काढा. कात्री बारीक लावायची ती दुसऱ्या वाचनात. दोन्ही कामं एका दिवशी करू नका.

कॉलेजरोडवरून
हे छापून टेबलासमोर लावण्यासारखं आहे.

वाचनवेडी_नाशिकरोड
आणि खर्डा दाखवायचा कोणाला? एकच वाचक निवडा, न लिहिणारा असला तर उत्तम. 'कशी वाटली' विचारू नका, त्यावर 'छान' हेच उत्तर येतं. विचारा: कुठे थांबून मागे जावं लागलं, कुठे पान चाळलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा की आज काय आठवतंय. जे आठवतंय ते कापायचं नाही.

अंजनेरीचा_वारा
सगळं झालं, पण लिहायचं कशासाठी यावर कोणी बोललं नाही. मानधन बेताचं, नाव होईल याची खात्री नाही. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून आपल्याकडे दिवाळी अंक निघताहेत, दरवर्षी शेकडो कथा छापल्या जातात आणि बहुतेक विसरल्या जातात. हे माहीत असूनही शिफ्ट संपवून माणूस वही उघडतो, त्याला धरून ठेवणारं काय असतं?

गोदामाय
डॉ. जयंत नारळीकरांचं उदाहरण द्यावंसं वाटतं. २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली ती टोपणनावाने. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली, ना. वि. ज., आणि नारायण विनायक जगताप झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञालाही कथा नावाशिवाय उभी राहते का हे बघायचं होतं. ती ओढ नावासाठीची नव्हे. गोष्ट नीट लागली का, ही असते.

पाठकोरा
गोदामाय यांच्याशी सहमत. त्यात एवढंच घालतो की रोज ओढ वाटेलच असं नाही, आणि नाही वाटली तरी चालतं. ओढ वाटण्याची वाट बघणाऱ्याच्या वहीत तारखांमधली अंतरं वाढत जातात. पानाच्या कोपऱ्यात तारीख, शिफ्ट आणि शब्दसंख्या लिहा. फ/२४०, से/२६०. तीन महिन्यांनी मागे वळून बघितलं की कोणत्या शिफ्टला आपला हात चालतो ते दिसतं. मग अवघड प्रसंग त्याच आठवड्यासाठी राखून ठेवता येतो.

तिसरी_पाळी
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा. फर्स्ट-सेकंडला चहानंतर २५०. नाइटला चार वाजता वाचन. पहिल्या पानावर गोदामायच्या तीन ओळी. दोन आठवड्यांच्या मोकळ्या वेळात दुसऱ्या कथेचा खर्डा.
खरडछाटणी यांची हरकत नसेल तर सराव म्हणून बागेचीच कथा घेतो. आजचं झालेलं:

> व्यापाऱ्याने घड तळहातावर घेतला आणि शेंड्याचा मणी तोडला.
> "खांद्याचा बघा की," रामभाऊ म्हणाला.
> व्यापारी उजेडाकडे वळला. मागे मजुरांनी कॅरेट उपडे टाकले होते आणि त्यावर बसून ते तंबाखू मळत होते. रामभाऊला काळजी वाटत होती की आता उशीर होणार.

खरडछाटणी
हरकत कसली, आनंद आहे. खुडा व्हायचा असताना कॅरेट उपडे पडलेत, म्हणजे मजूर थांबलेत. हे बरोबर पकडलंत.

मुद्रितशोधक
शेवटचं वाक्य काढा. मजूर कॅरेटवर बसले तिथेच उशीर झाला.

गोदामाय
आणि इसाराचा आकडा ठरवून ठेवा, अगदी रुपयापर्यंत. कथेत आला नाही तरी चालेल. बायको बांधावरून येताना दिसली की रामभाऊचा हात कोणत्या खिशाकडे जातो, ते त्या आकड्यावरूनच सुचेल.

तिसरी_पाळी
काढलं. आकडा वहीत डाव्या पानावर लिहिला. उद्यापासून सेकंड आहे, नाश्त्यानंतर बसतो. खाली ओळ टाकून ठेवली आहे: 'बायको येते, डबा आणि पासबुक.'